आपल्या मुलांच्या बाहुल्या आणि कोंडाण्याचा बलक

घरात मूल जन्माला आले की पाळण्याबरोबर खेळणीही येतात. मामा खुळखुळा आणतो, आत्या बाहुली आणते. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कपाटाचा एक खण खेळण्यांनी भरून जातो. त्या खणात एकदा डोकावून पाहा. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, गोऱ्या कातडीची प्लॅस्टिकची बाहुली तेथे हमखास सापडेल. बंदूकधारी सैनिक सापडेल, परदेशी चित्रपटातला उडता वीर सापडेल. पण आपल्या आजीसारखी दिसणारी, आपल्या इतिहासातून चालत आलेली एक तरी बाहुली तेथे आहे काय?

भिंतीवर तथागतांची तसबीर असते. टेबलावर बाबासाहेबांचा अर्धपुतळा असतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरून आपण तो आदराने घरी आणतो आणि मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवतो. ते योग्यच आहे. मात्र त्याचा एक परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. मुलाला इतिहास दुरूनच दिसतो. त्याच्या हातात, त्याच्या खेळात तो येत नाही. खेळायला मिळतात ती माणसे दुसऱ्याच देशाची आणि दुसऱ्याच रंगाची. बाहुली ही क्षुल्लक गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढची हकीकत जरूर वाचावी.

चार बाहुल्या आणि २५३ मुले

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठातून पुढे केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांनी एक साधा प्रयोग केला. चार बाहुल्या घेतल्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या; दोन सावळ्या, काळ्या केसांच्या. बाकी सगळ्या बाबतीत चारही सारख्याच. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर त्या मांडल्या आणि विचारले, तुला खेळायला कोणती आवडेल? यातली चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि शेवटी, यातली तुझ्यासारखी कोणती?

सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. निम्म्याहून अधिक मुलांनी सावळ्या बाहुलीकडे बोट दाखवून ती ‘वाईट दिसते’ असे सांगितले. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली. नुकतेच जिला वाईट म्हटले, ‘तुझ्यासारखी’ म्हणून तिच्याकडेच बोट दाखवायची वेळ त्या लेकरांवर आली होती. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा ऐतिहासिक निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला, त्या खटल्यात हे काम पुरावा म्हणून पुढे आले होते.

तीन वर्षांच्या मुलाला कोणी व्याख्यान दिलेले नसते. तरी त्याच्या मनात उच्च-नीच बसलेले असते. ते बसते आजूबाजूला पाहून, ऐकून आणि खेळूनही. म्हणूनच खेळण्यांच्या खणात कोण आहे, याची चौकशी आईबापांनी केलीच पाहिजे.

कोंडाण्याचे लेणे पाहा, मग बाहुली करा

‘आपल्या इतिहासाच्या बाहुल्या बाजारात मिळत नाहीत, त्या करायच्या कशा? त्या काळची माणसे कशी दिसत, काय नेसत, हे आम्हाला कोण सांगणार?’ असा प्रश्न मायमाऊल्या विचारतील. उत्तर आपल्या डोंगरात कोरून ठेवलेले आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्जत स्टेशनवर उतरावे. तेथून कोंदिवडे गावापर्यंत गाडी जाते. पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यात राजमाची किल्ल्याच्या पायथ्याकडील डोंगरवाटेने चालत गेले की झाडीत कोंडाणे लेणी लागतात. (सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, तो पुण्याजवळचा किल्ला वेगळा आणि हे लेणे वेगळे. मुलांची येथे नेहमी गल्लत होते.) इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हे चैत्यगृह आणि भिक्खूंचे विहार डोंगरात खोदले गेले. चैत्यगृहातील स्तूपाची आणि खांबांची बरीच पडझड झाली आहे, तरी दर्शनी भाग पाहून माणूस थक्क होतो.

वर मान करून पाहा. चैत्याच्या कमानीच्या बाजूंना चौकटी-चौकटींतून नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. काही पुरुषांच्या हातात धनुष्य आहे. डोक्याला भरदार पागोटे, कमरेला धोतर आणि शेला. स्त्रियांच्या हातांत बांगड्यांच्या रांगा, कमरेला मेखला. हे कोणी राजे-महाराजे नव्हेत. आनंदाने नाचणारी ही त्या काळातली माणसे आहेत. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि सांगा, पागोट्याची गाठ कोणत्या बाजूला आहे ते काढून घे. बांगड्या मोज. धोतराच्या निऱ्या पाहा. बाहुलीच्या कपड्यांचा आराखडा तेथेच तयार होतो.

चैत्यगृहाच्या डाव्या अंगाला एका मोठ्या यक्षमूर्तीचा तुटका भाग आहे. चेहरा पार नाहीसा झाला आहे, पण शिरोभूषणाचे बारीक काम अजून दिसते. त्याच्या डाव्या खांद्यापाशी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीची किती माणसे आपल्याला नावाने माहीत आहेत? राजांची नावे राहतात, दगड फोडणाऱ्याचे नाव कोण ठेवतो? येथे मात्र कारागीर स्वतःच्या नावाने उभा आहे आणि गुरूचे नाव आपल्याही आधी घेतो आहे. आपल्या संग्रहातील पहिली बाहुली या बलकाची असावी असे आम्हास वाटते. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा, डोक्याला लेण्यातल्यासारखे पागोटे. त्याचा चेहरा कसा होता हे दगडानेही सांगितलेले नाही, म्हणून तो मुलाने आपल्या मनाने रंगवावा.

बलकाला सोबतीही मिळतील. घाट चढून लोणावळ्याच्या बाजूला गेले की कार्ले लेणी आहेत. तेथे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव दानलेखांत आहे. रायगड जिल्ह्यातच कुडा लेणी आहेत. तेथील लेखांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. सुतार, गंधी, माळी, लोहवाणी आणि पाथरवट अशा पाच बाहुल्या एका ओळीत मांडल्या, की लेणी कोणाच्या कष्टाने आणि कोणाच्या दानाने उभी राहिली हे मुलाला आपोआप कळते.

बाहुली आपल्या मातीत नवी नाही

कोणी म्हणेल, बाहुल्या जमवणे हा श्रीमंतांचा आणि परदेशी छंद आहे. तसे मुळीच नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहन काळात ही मोठी बाजारपेठ होती. तेथील मातीत त्या काळच्या भाजलेल्या मातीच्या आणि पांढऱ्या मातीच्या असंख्य छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. त्यांच्या केशरचना, त्यांचे दागिने पाहत राहावे असे आहेत. गावातलेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू वेचून जपल्या, म्हणून आज तेरच्या शासकीय संग्रहालयात आपण त्या पाहू शकतो. एका माणसाने चिकाटीने जमवलेल्या वस्तू पुढे साऱ्या महाराष्ट्राचा ठेवा झाल्या. तेथे स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत, तेव्हा धम्मसहलीतही हे गाव बसते.

मुलांच्या खेळाची नोंद पाली साहित्यातही आहे. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात मूल कसे वाढते याचे वर्णन येते. तेथे लहानग्यांची खेळणी सांगितली आहेत. खेळण्यातला नांगर, विटीदांडू, कोलांटउड्या, पानाचे भिरभिरे, पानाचे माप, छोटी गाडी, छोटे धनुष्य. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील मुले आजही पानाचे भिरभिरे करतात आणि विटीदांडू खेळतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुलाची आणि आपल्या मुलाची ओळख करून द्यायला याहून सोपा धागा कोणता?

संग्रहाचे मोठे उदाहरण हवे असेल तर दिल्लीचे पाहा. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी १९६५ साली तेथे बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उघडले. सुरुवात झाली होती हंगेरीच्या राजदूताने भेट दिलेल्या एका बाहुलीपासून. पुढे सुमारे ८५ देशांच्या हजारो बाहुल्या तेथे जमल्या. हे तेच शंकर, ज्यांच्या १९४९ च्या राज्यघटनेवरील व्यंगचित्रात बाबासाहेबांना गोगलगायीवर बसवले होते आणि ज्यावरून २०१२ साली संसदेत वादळ उठले. त्या व्यंगचित्राचा राग ठेवूनही त्यांच्या संग्रहाकडून एक धडा घेता येतो. एका बाहुलीने आरंभ करता येतो.

दुःखाचीच बाहुली करायची काय?

अमेरिकेत १९८६ साली ऐतिहासिक काळातील मुलींच्या बाहुल्यांची एक मालिका सुरू झाली. प्रत्येक बाहुली एका विशिष्ट सालातली. त्या सालचे कपडे, त्या सालच्या वस्तू आणि सोबत तिच्या गोष्टीचे पुस्तक. पहिल्या तिन्ही मुली गोऱ्या होत्या. १९९३ साली त्यात ॲडी वॉकर आली. ही १८६४ सालातील कृष्णवर्णीय मुलगी. आईबरोबर गुलामीतून पळून फिलाडेल्फियाला पोचणारी. अनेक कृष्णवर्णीय घरांत आनंद झाला, कारण प्रथमच आपली बाहुली आली. पण दुसरा सूरही निघाला. आमच्या मुलीला तिच्या पूर्वजांची एकच बाहुली मिळणार आणि ती गुलाम असणार काय? पुढे त्या मालिकेत १८५३ सालच्या न्यू ऑर्लिन्समधील सुखवस्तू घरातली, १९६४ सालच्या नागरी हक्क चळवळीतली, १९२२ सालच्या हार्लेममधली अशा इतर कृष्णवर्णीय मुली आल्या. १९५९ पासून चालत आलेल्या बार्बीच्या कंपनीनेही २०१९ साली रोझा पार्क्स यांची आणि २०२२ साली आयडा बी. वेल्स यांची बाहुली काढली.

हा वाद आपल्याही घरात होणार. मुलाला अपमान दाखवायचा की अभिमान? आमचे मत असे की दोन्ही दाखवावे, पण एकाशेजारी एक ठेवून दाखवावे. केवळ अपमानाची बाहुली मुलाला खचवते. केवळ सुटाबुटातली बाहुली त्याला खोटे सांगते, कारण तो सूट कोणत्या वाटेने आला हे त्याला कळत नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. सुट्टीत वडिलांना भेटायला भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चार मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. प्रवासासाठी मुद्दाम नवे शर्ट शिवले होते. चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. जवळ जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

आता हा प्रसंग बाहुल्यांत मांडून पाहा. चार मुले, त्यांच्या टोप्या, एक बैलगाडी, बाजूने चालणारा गाडीवान. आठ वर्षांचा मुलगा पाहताक्षणी विचारेल, ‘एवढे छान कपडे घातले, तरी पाणी का दिले नाही?’ त्या एका प्रश्नापासून जातीव्यवस्थेचा धडा सुरू होतो. मग त्याच फळीवर दुसऱ्या टोकाला कोलंबिया विद्यापीठातला, हातात पुस्तके घेतलेला तरुण भीमराव ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मुलाला वाट दिसेल.

कपड्यांत लिहिलेला इतिहास

बाहुली करताना कपड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या इतिहासात कपडा ही शोभेची वस्तू कधीच नव्हती.

सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जात, तेव्हा रस्त्यात त्यांच्यावर चिखल-शेण फेकले जाई. म्हणून शाळेत गेल्यावर बदलायला त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत. सावित्रीबाईंची बाहुली कराल तेव्हा तिच्या हातात पुस्तकाबरोबर पिशवी द्या आणि पिशवीत घडी केलेले दुसरे लुगडे ठेवा. तिच्याशेजारी मुक्ता साळवे बसवा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या मुलीच्या वयाची एक लेखिका! तिच्या हातात कागद आणि बोरू हवाच.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची जी आखूड पद्धत आणि चांदीचे, कथलाचे जे जाड दागिने पाहताच जात ओळखू येते, ते सोडा. अंगभर, घोट्यापर्यंत लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी लगेच तसे करून दाखवले. या प्रसंगाच्या दोन बाहुल्या कराव्यात. एक गुडघ्यापर्यंत लुगडे आणि गळ्यात-हातात जड दागिने असलेली, दुसरी पायघोळ लुगड्यातली. चेहरा दोघींचा एकच ठेवा. आजी-पणजीला विचारून पहिल्या बाहुलीचे दागिने करा. कित्येक घरांत त्या दागिन्यांची नावे आता फक्त म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक उरली आहेत. ती माणसे आहेत तोवर नावे लिहून घ्या.

संच असे लावावेत

एकेकटी बाहुली मुकी वाटते. दोन-चार एकत्र आल्या की गोष्ट तयार होते. म्हणून संच करावेत. लेण्यांचा संच वर सांगितलाच. शाळेचा संच म्हणजे सावित्रीबाई, मुक्ता साळवे, साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भिवा आणि कोलंबियातला भीमराव.

पाण्याचा संच असा करता येईल. मसूरची चार मुले आणि बैलगाडी. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर ओंजळ भरणारी माणसे. आणि विहिरीवर घडा घेतलेली प्रकृती, तिच्यापुढे पाणी मागणारा भिक्खू आनंद. प्रकृती म्हणाली, मी चांडाळकन्या आहे. आनंद म्हणाला, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. तीनही प्रसंग शेजारी ठेवले, की दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास एका फळीवर मावतो.

धम्माचा संच करताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हाताशी घ्यावा. त्यात रस्ते झाडणारा सुनीत आहे, न्हावी उपाली आहे, सोपाक आहे, अंगुलिमाल आहे, महाप्रजापती गौतमी आहे. उपालीची गोष्ट तर मुलांना फारच आवडते. शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी उपालीला दीक्षा द्यायला लावली, म्हणजे संघात त्यालाच वंदन करावे लागेल आणि आपला अहंकार जाईल. राजपुत्रांच्या बाहुल्या वाकवून न्हाव्याच्या बाहुलीला नमस्कार घडवणे हा केवढा मोठा खेळ आहे!

येथे एक नाजूक प्रश्न येतो. तथागतांची बाहुली करावी काय? आम्हास वाटते, करू नये. बुद्धमूर्ती वंदनेच्या जागी असावी. तिच्याभोवतीची माणसे खेळात यावीत. बाबासाहेबांच्या बाबतीतही पुतळा टेबलावर राहू द्यावा. खेळात यावा तो लहानगा भिवा आणि विद्यार्थी भीमराव. मुलाने भिवाला मांडीवर घेतले, निजवले, त्याला पाणी पाजले तर त्यात अनादर कोठला? यावर घरोघर मतभेद होऊ शकतील. घरात बसून बोलावे आणि ठरवावे.

दिवाळीत शेजारीपाजारी मातीचे किल्ले होतात. आपली मुलेही त्यात रमतात. त्यांना सांगा, बाजारच्या मावळ्यांबरोबर १६६० साली पन्हाळ्याहून निघालेल्या पालखीत शिवरायांच्या वेषात बसलेला शिवा काशीदही ठेवा. किल्ल्याच्या पायथ्याला पहारा करणारे महार, मांग, रामोशीही ठेवा. किल्ले त्यांच्यावाचून राखले गेले नाहीत.

करावे कसे?

खर्च जवळजवळ नाही. जुने लुगडे, जुने धोतर, शर्टाची बाही, शिंप्याकडच्या चिंध्या, भरायला कापूस किंवा लाकडाचा भुसा, हातापायांसाठी तार, केसांसाठी काळी लोकर. उंची एक वीत ठेवावी आणि सगळ्या बाहुल्या एकाच मापाच्या कराव्यात, म्हणजे संच जुळतो. अंगासाठी पांढरे कापड घेऊन ते चहाच्या किंवा काताच्या पाण्यात उकळावे. कमी-जास्त वेळ ठेवले की गव्हाळ, सावळा, काळा असे आपल्या माणसांचे सगळे रंग मिळतात. सगळ्याच बाहुल्या गोऱ्या करायचा मोह टाळावा. क्लार्क दांपत्याचा प्रयोग विसरू नये.

प्रत्येक बाहुलीच्या पायाशी पुठ्ठ्याचे छोटे कार्ड लावावे. नाव, साल, ठिकाण आणि ही माहिती कोठून मिळाली ते लिहावे. कपड्यातला कोणता भाग आधाराने केला आणि कोणता कल्पनेने, तेही लिहावे. बलकाच्या कार्डावर ‘पागोटे लेण्यावरून, चेहरा मनाने’ असे लिहिता येईल. पुरावा आणि कल्पना यांतला फरक ज्या मुलाला आठव्या वर्षी कळला, त्याला मोठेपणी कोणी भाकडकथा इतिहास म्हणून विकू शकणार नाही.

कर्जत-खालापूरकडे पावसाळा दांडगा. कापडी बाहुल्यांना बुरशी येते. आषाढापूर्वी त्या वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि पाऊस उघडला की उन्हात काढाव्यात. लहान मुलांच्या हाती देताना टाचण्या, मणी, उघडी तारेची टोके नाहीत ना, हे पाहावे.

आणि लेण्यात जाल तेव्हा दगडाचा कपरा उचलू नका, भिंतीवर नाव कोरू नका. तेथे बलकाचे नाव आहे, ते पुरे आहे. डोंगरात पावसाळ्यात वाट निसरडी असते. मुलांना घेऊन हिवाळ्यात जावे.

विहारांनीही पुढाकार घ्यावा

तीन जानेवारीला सावित्रीबाई, वीस मार्चला चवदार तळे, चौदा एप्रिलला भिवा, वैशाख पौर्णिमेला उपाली आणि सुनीत, अशा रीतीने त्या त्या दिवशी ती ती बाहुली खणातून बाहेर काढावी आणि मुलाने तिची गोष्ट घरच्यांना सांगावी. महिला मंडळांनी एका रविवारी विहारात एकत्र बसून पाच-पाच बाहुल्या शिवल्या, तरी वस्तीचा छोटा संग्रह उभा राहील. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असते. त्या काळात त्याच ग्रंथातील प्रसंग मुलांनी बाहुल्यांत मांडावेत. ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांच्या मुलांनाही विहारातल्या कपाटातून बाहुली घरी नेऊन आठवड्याने परत करता यावी, जसे वाचनालयातले पुस्तक.

मायबापहो, आपल्या आधीच्या पिढ्यांना शाळेची पायरी नाकारली गेली, म्हणून त्यांचा इतिहास इतरांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही. आज आपल्या घरात पुस्तके आहेत. ती वाचण्याचे वय येण्याआधीच मुलाचे मन घडू लागते. त्या वयात त्याच्या हाती काय द्यायचे, हे आपल्याच हाती आहे. येत्या सुट्टीत एक जुने लुगडे काढा, सुई-दोरा घ्या आणि मुलाला जवळ बसवून पहिली बाहुली शिवा. ती वाकडी झाली तरी चालेल. तिला नाव मात्र खरे द्या.